सहा आकडे

गुरुवारी सकाळी दैवशालानं रोजच्यासारख्या भाकरी थापल्या, शेळ्यांपुढं पाला टाकला, फडक्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि तिची मोनिका साडेआठच्या एसटीनं भूमला गेली. नवरा भागवत दसरा झाला तसा मेंढरं घेऊन बाहेर पडलेला. तो आता पावसाळ्याच्या तोंडालाच दिसायचा. तोवर घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा, रामहरीचा.

पोरगी काही बाजाराला गेली नव्हती. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तिची जागा लागली होती, सरकारी. वस्तीवरच्या धनगरांनी पिढ्यान् पिढ्या मेंढरांना कुड्याच्या सालीचं औषध पाजलं, मेलेली पुरली, पण त्यांच्यातलं कुणी ढोराचं डॉक्टर झालं नव्हतं. मोनिका होणार होती. त्यासाठी आज संध्याकाळी पाचच्या आत कॉम्प्युटरवर 'जागा मान्य' असं कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा खालच्या नंबरच्या पोराला जाणार. भूमच्या स्टँडसमोर फॉर्म भरून देणारं दुकान होतं, तिथं बसून बटण दाबायचं. मग मोबाईलवर सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांत टाकायचे. झालं काम.

आता यात अवघड ते काय? अवघड एवढंच, की फॉर्मवर मोबाईल नंबर होता रामहरीचा.

त्याची कथा अशी. तीन वर्षांमागं वस्तीवरची एक पोरगी एका पोराबरोबर निघून गेली. लगेच बिरोबाच्या देवळात जाणती माणसं जमली आणि ठरलं, की लगीन होईस्तर पोरीच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. पळाली एक आणि जेरबंद झाल्या पन्नास. पोरांच्या हातातला मोबाईल कुणाला दिसला नाही, बरं का! आणि खोटं कशाला बोलायचं, दैवशालालाही तो कायदा मानवला होता. लग्नाकार्यात बायकांत बसली की ती मान ताठ करून सांगायची, माझ्या पोरीच्या हातात कधी मोबाईल बघितलाय का कुणी?

जूनमध्ये ज्युनियर कॉलेजच्या संघप्रिया मॅडम मुद्दाम घरी आल्या होत्या. दरवर्षी बारावीच्या पोरांना त्या कानीकपाळी ओरडून सांगायच्या, की कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, जातीच्या दाखल्याला आत्तापासून लागा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. पण त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट लावून धरली.

"ताई, फॉर्मवर नंबर पोरीचा स्वतःचा पाहिजे. दुकानदाराचा नको, चुलत्याचाही नको. तो नंबर ज्याच्या हातात, तिचा प्रवेश त्याच्या हातात."

मॅडमनी पिशवीतून आपला जुना मोबाईल काढून पुढं ठेवला. दैवशालानं त्यांना चहा दिला, साखर जरा जास्तच घातली आणि मोबाईल परत त्यांच्या पिशवीत ठेवला. आमच्यात चालत न्हाय, म्हणाली. तेव्हा तिला आपण फार चांगलं वागलो असं वाटलं होतं.

गुरुवारी मोनिकानं जाताना चुलत्याच्या पाया पडून विनवलं, की आबा, आजच्या दिवस फोन आईजवळ राहू द्या. रामहरी वाईट बोलला नाही. ऱ्हाऊ दे की, म्हणाला, आणि दुपारी खरोखरच फोन दैवशालाच्या हातात दिला. पण दोनच्या सुमाराला तो परंड्याकडचे पाहुणे घेऊन आला. आधी ना बोलणं ना काही. नवऱ्या पोराचा बाप आणि मामा. पोरगी तिच्या मामाकडं गेलीय, तवर घर तरी बघून घ्या, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं.

दैवशालानं पदर सारखा केला आणि पोह्यांना फोडणी घातली. बाहेरचं बोलणं कानावर येत होतं. शिक्षण किती, रंग कसा, असं इकडचं तिकडचं झाल्यावर पोराच्या बापानं विचारलं, पोरीकडं मोबाईल हाय का? रामहरी हसून म्हणाला, आमच्यात देतच न्हाईत. पाहुण्याचा चेहरा खुलला. मग काय बघायचंच न्हाय, असं तो म्हणाला.

तेवढ्यात दैवशालाच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर सहा आकडे आले. सातवीपर्यंत शिकलेली बाई होती ती, आकडे लख्ख वाचता आले. पाठोपाठ दुकानातून फोन आला, सकाळपासूनच्या रांगेत मोनिकाचा नंबर आत्ता लागला होता.

"आई, आकडे आले बघ. हळू सांग, म्या लिहून घेते."

दैवशालानं तोंड उघडलं, तर चुलीपाशी रामहरी येऊन उभा. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "पाव्हणे व्हय म्हणायलेत. पोरगी पाच वर्सं परभनीला ऱ्हायली तर तिला कोण करील? आला न्हाय म्हन."

वीस वर्षांच्या संसारात त्या माणसापुढं तिनं मान वर केली नव्हती. ती सवय काय चुलीपाशी मोडते? तिच्या तोंडून निघालं, "आला न्हाय गं."

मोनिकानं पुन्हा मागवले. पुन्हा आले. तिसऱ्यांदाही आले. साडेचारला पोरीचा आवाज रडवेला झाला होता, आई, नीट बघ की गं, खाली सरकवून बघ. दैवशाला पडद्याकडं बघत होती आणि न्हाय आला म्हणत होती. तिसऱ्या वेळी तिला कुणी सांगावंही लागलं नाही. रामहरी तेव्हा पाहुण्यांना वाटेला लावायला गेला होता. घरात ती एकटी होती, हातात फोन होता, आणि दहा मिनिटं होती. रामहरीला शिव्या घालायला आपण मोकळे आहोत, पण त्या दहा मिनिटांचं काय करायचं?

पाच वाजले.

सातच्या एसटीनं मोनिका आली. दैवशालाला वाटलं आता पोरगी आदळआपट करील, रडंल, निदान भांडंल तरी. तिनं हातपाय धुतले आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे आई, वस्तीवर रेंजच कुठं असती? तू नको जिवाला लावून घेऊ."

दैवशालानं तिच्यापुढं भाकरी वाढली.

सोमवारी संघप्रिया मॅडम तडक घरी आल्या. त्यांनी वरपर्यंत फोन लावून बघितले होते. जागा गेली ती गेली. पण मेसेज तीनदा पोचल्याची नोंद तिथं होती. रामहरी ओट्यावर बसून होता. मला काय ठाव, फोन हिच्यापाशी व्हता, असं म्हणून त्यानं अंग झाडलं. मॅडमनी दैवशालाकडं बघितलं.

मग मात्र ती बाई थोरल्या दिरासमोर मान वर करून पहिल्यांदा बोलली. "आलते. तिन्हीबी आलते. म्या वाचलेते, मॅडम. म्याच सांगितलं न्हाय." आणि ती धाय मोकलून रडायला लागली. मॅडम खाली बसल्या. आतनं मोनिका बाहेर आली. ती नवी साडी नेसली होती, मॅडमनी तिला साडीत कधी बघितलं नव्हतं.

"मला त्याच राती कळालंतं," ती म्हणाली. "आबा झोपल्यावर फोन बघितला म्या, त्यातच व्हते तिन्ही मेसेज. रडू नको आई. पदर नीट घे, पाव्हणे चारला येणार हायेत."