पाय ट्टेकला!

मी भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मापासून ओरडतच आलोय. पण आजवर जे ओरडलो ते दुसऱ्याच्या मनातलं. आज थोडं माझ्या मनातलं ऐका. शाळा मी आतून कधी पाहिली नाही, नेहमी शाळेच्या गच्चीवर नाहीतर लिंबाच्या फांदीवरच बसलो. तरी एकदा कानावर पडलेलं मी कधी विसरलो नाही.

माझा जन्म पत्र्याचा. कुठल्या कारखान्यात, ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते हिंगोलीच्या एका दुकानात. कुरुंद्याचे मुंजाजी मांडव-स्पीकरचा धंदा सुरू करायला निघाले होते. त्यांनी मला हातात घेतलं, बोटानं टिचकी मारली अन् म्हणाले, "हा बोलंल बराबर." झालं. त्याच दिवशी एसटीच्या टपावर दोरीनं बांधून, हळदीच्या पोत्यांना टेकून मी कुरुंद्याला आलो. त्या हळदीचा वास आजही माझ्या अंगाला आहे.

तेव्हापासून मी काय काय नाही सांगितलं! नवरदेवाच्या मामांना मांडवात बोलावलं. जत्रेत चुकलेल्या लेकरांच्या आयांना हाका घातल्या. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं राहिलो. निवडणुकीत सकाळी एकाचा अन् दुपारी त्याच्याच वैऱ्याचा प्रचार केला, अन् मला कुणी बेइमान म्हटलं नाही.

एका लग्नात मुंजाजींच्या हातून मी बैलगाडीवरून खाली पडलो. माझ्या ओठाला पोचा आला तो कायमचा. त्या दिवसापासून माझ्या तोंडून 'ट' साधा निघतच नाही. 'टिळा' म्हटलं की 'ट्टिळा', 'टांगा' म्हटलं की 'ट्टांगा'. लोक हसायचे. मुंजाजी म्हणायचे, "हसू द्या. लक्षात तर राहून राहिलंय ना!"

आता बेबीबाईंचं सांगतो. त्या मुंजाजींच्या मालकीणबाई. एकदा शाळेच्या मैदानावर पोरींच्या लंगडीचे सामने होते अन् मुंजाजींचा घसा नेमका बसलेला. त्यांनी माईक बायकोच्या हातात दिला. "दोन शब्द बोल फक्त," म्हणाले. बेबीबाई बोलायला लागल्या त्या सामना संपेपर्यंत थांबल्या नाहीत. तेव्हापासून लंगडीचा माईक त्यांचाच. मुंजाजी मशीनपाशी बसून नुसतं बटण फिरवायचे अन् कुरकुरायचे, "घरी बी हिचंच ऐकायचं अन् इथं बी."

बेबीबाईंची रीत अशी, की त्या पोरीचा नंबर कधी सांगत नाहीत. पोर कुणाची ते सांगतात. "आली, आली, सखुबाईची नात आली! हिची माय आपल्या पिठाच्या गिरणीत बसती, तीच ही! अन् पळून राहिली ती शिरडची राजनंदिनी, आपल्या पाटलाच्या सुनेची मावसबहीण!" अशानं सगळं मैदान एकमेकांचं नातेवाईक होतं. पाणी आणायला निघालेली बाई घागर खाली ठेवून उभी राहते, कारण आता तिच्या भाचीचं नाव येणार असतं.

पण मैदानाबाहेर या खेळाला कोण विचारतं? एका पायावर उड्या मारत पळणाऱ्याला शिवायचं, उचललेला पाय जमिनीला लागला की बाद. लोक म्हणायचे, "हे तर लेकरांचं. त्यात काय बघायचं?" बेबीबाईंची नात आकांक्षा राज्यापर्यंत खेळून आली, तरी बसस्टँडवर तिला कुणी विचारलं, की काय खेळतेस, तर ती नुसतं "खेळते" म्हणायची. पुढचं नाव गिळायची. बेबीबाईंना ते फार लागायचं. "एकदा तरी," त्या मुंजाजींना म्हणायच्या, "या पोरींची नावं साऱ्या महाराष्ट्राला ऐकू गेली पायजेत. तुमच्या भोंग्याचा आवाज वेशीच्या पुढं जात न्हाई."

मला वाईट वाटलं. पण खोटं नव्हतं ते.

मग यंदा क्रीडा कार्यालयातले रविंद्र सर मोटरसायकलवर आले. ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, की जे खेळ टीव्हीवर कधी दिसत नाहीत, ते दाखवायला सरकारनं निधी काढलाय. आपल्या जिल्ह्यातून त्यांनी लंगडी कळवली अन् ती मंजूर झाली. कुरुंदा विरुद्ध शिरड शहापूर, पोरींचा सामना.

"पण बेबीबाई, हा एकच सामना प्रयोगाचा आहे," सर म्हणाले. "नीट झाला तर पोरींचा सगळा हंगाम दाखवतील. नाही झाला तर निधी दुसऱ्या खेळाला जाईल, अन् लंगडीला पुन्हा कोण विचारणार?"

"नीट व्हईल," बेबीबाई म्हणाल्या. त्या तशाच बोलतात. झालं नसलं तरी झाल्यासारखं.

सामन्याच्या दिवशी कॅमेऱ्याची गाडी आली. तिच्यातून ओमप्रकाश उतरला. बाहेरगावचा, हिंदी बोलणारा, टापटीप माणूस. त्यानं आधी एक मोठा फलक उलगडला. त्यावर लिहिलं होतं, 'दिव्यांग बालिका क्रीडा महोत्सव'. मग त्यानं चहूकडं पाहिलं अन् विचारलं, "खिलाडी किधर हैं? व्हीलचेअर के लिए रास्ता बनाना पड़ेगा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आकांक्षा अन् तिच्या पोरी मैदानाला चक्कर मारत होत्या, त्याही थबकल्या. कुणाला काही कळेना. मग मुंजाजींच्या डोक्यात उजेड पडला अन् ते मशीनवर डोकं ठेवून हसत सुटले. कागदावर लिहिलं होतं 'लंगडी', अन् या भल्या माणसानं ते हिंदीत वाचलं होतं!

"साहेब," बेबीबाई म्हणाल्या, "पोरींचे दोन्ही पाय धडधाकट हायत. खेळाचं नाव लंगडी हाय."

सखुबाई आपली काठी टेकत पुढं आल्या. "पर त्यो इतक्या दुरून आलाय तर रिकामा काहून धाडता? मी हाय की! घ्या मला टीमात."

ओमप्रकाश लाजला, हसलाही. फलक गुंडाळला. पण मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी मैदानाच्या कोपऱ्यातल्या खांबावर बांधलेला, सकाळीच पुसून लख्ख केलेला.

"ये भोंगा बंद," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग में आवाज घुसेगी. कॉमेंट्री मैं बाद में डालूँगा."

"बाई फार चांगलं सांगतात," रविंद्र सर हळूच म्हणाले.

"गाँव की हैं ना? गाँव की तरफ से बोलेंगी. टीवी पे नहीं चलता."

बेबीबाईंनी माईक टेबलावर पालथा ठेवला. मुंजाजींनी बटण फिरवलं अन् माझा गळा मिटला. असा सामन्याच्या तोंडावर मी कधी गप्प बसलो नव्हतो.

सामना सुरू झाला. पोरी छान खेळत होत्या, पण मैदान सुनं. सगळ्यांच्या अंगात सारखेच कपडे, पाठीवर नंबर. माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग चहाच्या गाड्याकडं सरकायला लागली. बायका आपापसात बोलायला लागल्या. इकडं ओमप्रकाशच्या कॅमेऱ्यात मागं मोकळी जागाच दिसायला लागली अन् त्याचा चेहरा उतरला. रविंद्र सर तर नखं खात होते.

शेवटी सखुबाईच ओरडल्या, "अरे, कोण खेळून राहिलंय ते तरी सांगा! माझी नात कोणची यातली? का पैसे देऊन मुकं बसवलंय समद्यांला?"

लोक हसले. पहिला डाव संपल्याची शिट्टी झाली तसा ओमप्रकाश टेबलापाशी आला. डोक्यावरची टोपी काढली. "माताजी, चालू करा," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "पण एक अट. दोन्ही गाव बराबर."

"बराबर म्हंजे बराबर," बेबीबाई म्हणाल्या अन् माईक सुलटा केला.

अन् मग काय सांगू! माझ्या गळ्यातून नावं सुटली तशी माणसं चहा अर्धा टाकून पळत आली. "ही बघा राजनंदिनी, शिरडची! हिचा बाप भल्या पहाटे शेतात जातो अन् त्याच्या मागं ही पळायला जाती!" शिरडवाले शिट्ट्या मारायला लागले. "अन् ही सखुबाईची नात, जिला अजून भाकरी गोल येत न्हाई, पर लंगडी बघा तिची!" ती पोर हसत हसत उडी घ्यायची अन् अजून लांब जायची. कडेला माणसांची भिंत उभी राहिली. ओमप्रकाश एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर पळत होता.

शेवटच्या डावात शिरड एका गड्यानं पुढं होतं. लंगडी कुरुंद्याची. वेळ संपत आलेली. एक गडी शिवला तर बरोबरी, दोन शिवले तर जिंकलो. आकांक्षा आत आली.

तिनं राजनंदिनीला अन् तिच्या जोडीदारणीला कोपऱ्यात कोंडलं. माझ्याच कोपऱ्यात, माझ्या तोंडासमोर. एक उडी, दुसरी उडी, मग अशी झेप घेतली की एका झेपेत दोघींना हात लागला. पंचांनी शिट्टी मारली. कुरुंदा जिंकलं! माणसं मैदानात घुसायला निघाली.

अन् माझ्या तोंडून निघालं, "पाय ट्टेकला!"

मी नव्हे, बेबीबाई बोलल्या. पण निघालं माझ्यातून. झेपेच्या आधी आकांक्षाचा उचललेला पाय मातीला लागला होता. पंच पाठीमागं होते, कॅमेरे समोरच्या बाजूला. पाहिलं फक्त बेबीबाईंनी. अन् माझ्यातून एकदा गेलेलं मला परत घेता येत नाही. शाळेच्या भिंतीवर आपटून ते पुन्हा आलं, "ट्टेकला… ट्टेकला…"

सगळं मैदान टेबलाकडं वळलं. बेबीबाईंचा हात तोंडावर गेला होता. पंच आकांक्षाकडं गेले. "टेकला का गं?"

ती आजीकडं बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "टेकला, सर."

शिवलेले दोन्ही गडी परत खेळात गेले. आकांक्षा बाद. दुसरी पोर लंगडी घालत आत येईपर्यंत वेळ संपली. शिरड शहापूर जिंकलं.

"बेबे," सखुबाई जाता जाता म्हणाल्या, "आज तोंडाला कुलूप लावायला काय झालं व्हतं तुला?" बाकी माणसं टेबलाकडं पाठ करून निघून गेली.

मी मुंजाजींच्या घरात खुंटीला असतो, म्हणून पुढचंही ऐकलं. आकांक्षा जेवली नाही. "आजी, हातातला कप काढून दिलास तू. मी तर बोलले नसते."

"मी तरी कुठं ठरवून बोलले?" बेबीबाई म्हणाल्या. "मोठेपणा कशाचा त्यात! दिसलं अन् तोंडातून गेलं. आता गावाला काय सांगू, तूच सांग."

"गावाला काय सांगती?" मुंजाजी म्हणाले. "भोंग्यावरून सांगितलंय आधीच. ज्याला ऐकू न्हाई गेलं असा एक माणूस दाखव."

आकांक्षाला हसू आलं, तसं तिनं तोंड फिरवलं. पण आजीशी धड बोलली नाही ती नाहीच, पार सामना टीव्हीवर येईपर्यंत.

हळद शिजवायचे दिवस सुरू झाले तेव्हा तो आला. समाजमंदिरात टीव्ही लावला होता. रुसलेलं गावही आलं, कारण आपली पोर दिसणार होती. बेबीबाई दाराशी, मागं बसल्या. मला मुंजाजींनी कडेला टेकवून ठेवलं होतं, "ह्याचा बी आवाज हाय त्यात" म्हणून.

पडद्यावर ओमप्रकाशचा आवाज हिंदीतून खेळ समजावत होता. मधूनमधून तो थांबायचा अन् बेबीबाई बोलायच्या. भाकरीची गोष्ट आली तेव्हा सखुबाईची नात आजीच्या पदराआड लपली. मग तो कोपरा आला. ती झेप आली. तिथं ओमप्रकाश बोललाच नाही. फक्त मी होतो. "पाय ट्टेकला! ट्टेकला… ट्टेकला…" अन् त्यानंतर पडद्यावर आकांक्षाचं तोंड, जवळून. ओठ हलले. "टेकला, सर."

मग राजनंदिनीच्या बापाचा फोन आला मुंजाजींना. काय बोलला ते कळलं नाही, पण मुंजाजींनी डोळे पुसले. अन् पुढच्या रांगेतून आकांक्षा उठली, माणसांना ओलांडत मागं आली अन् आजीच्या मांडीला टेकून बसली. बेबीबाईंनी तिच्या केसात बोटं घातली.

हंगाम मंजूर झाला, बघा! रविंद्र सर पेढे घेऊनच आले. सगळे सामने दाखवणार आहेत. ओमप्रकाशनं वर कळवलंय म्हणे, की बाई त्याच हव्यात अन् भोंगाही तोच. नवे स्पीकर आलेत, काळे, चौकोनी, चेहरा नसलेले. पण लंगडीला खांबावर मीच जाणार.

गावाचा राग? तो निवला. आता तर ग्रामसभेत कुणी थापा मारायला लागला, की सखुबाई काठी आपटून ओरडतात, "पाय ट्टेकला!" अन् माणूस खाली बसतो. परवा बसस्टँडवर एकानं आकांक्षाला विचारलं, काय खेळतेस. "लंगडी," ती म्हणाली. मोठ्यानं.

तेव्हा वाचणाऱ्या बाया-बापड्यांनो, आमच्या पोरी या हंगामात दिसतील. टीव्ही लावा, शेजारणीला बोलवा, नंबर सोडा अन् पोर कुणाची ते विचारा. माझा पत्रा आता विटलाय, किती हंगाम ओरडीन ठाऊक नाही. पण खुंटीवरून मला गल्लीतल्या लेकरांचा खेळ ऐकू येतो. पाय लागला की ती ओरडतात, अन् मुद्दाम तोच 'ट' ओढून ओरडतात.

माझ्या ओठाचा पोचा आता त्यांच्या तोंडात आहे.