माहेरी निघालेला वारा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. घराच्या मागच्या अंगणात उभी असते. माझ्या टपावर पाचोळा साठतो आणि पुढच्या सीटवर दरवर्षी मांजरीचं बाळंतपण होतं. पण एके काळी मी कितीतरी समुद्रकिनारे पालथे घातले आहेत बरं का!

मुळात मी पाव पोचवणारी गाडी. बेकरीने मला मोडीत काढलं, तेव्हा एका मेकॅनिकने मला घरी आणलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी माझ्या पोटात दोन बाकं, घडीचं टेबल, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. त्यांची बायको शिवणकाम करायची. तिने फाटक्या पतंगाच्या कापडाचे लाल-पिवळे पडदे शिवले. पतंग म्हणजे तुमचा गच्चीवरचा नव्हे. उस्तादांना आणि त्यांच्या लेकीला पतंगस्वारीचं वेड होतं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आभाळात खोलीएवढा पतंग आणि वारा ओढेल तसं लाटांवरून सुसाट जायचं. बायको म्हणायची, "बापलेकींनी उडायचं आणि रेतीने भरलेलं धुणं मी धुवायचं!"

सहलीपेक्षाही मला आवडायचा तो सहलीचा बेत. टेबलावर नकाशा पसरायचा, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप. कुठे गोडं पाणी मिळेल, कुठे माझी चाकं रेतीत रुतणार नाहीत, यावर वाद रंगायचे. आणि सगळ्यात शेवटी वारा. त्यासाठी या घराचे स्वतःचे शब्द होते. समुद्र हे वाऱ्याचं माहेर. तो पाण्यावरून जमिनीकडे आला, की वारा सासरी आला. जमिनीवरून पाण्याकडे वाहू लागला, की वारा माहेरी निघाला. असा वारा माणसालाही आत ओढून नेतो आणि परत आणून सोडत नाही. त्या दिवशी कुणी पाण्यात उतरायचं नाही, म्हणजे नाही. माझ्या दाराला पडद्याच्या कापडाची एक लाल पट्टी बांधलेली असे. तिचं टोक बघून वारा कळायचा.

पुढे लेकीचं लग्न झालं. जावई चष्मे बनवायचे. हौशी माणूस, तेही पतंग शिकले. एका सकाळी उस्ताद आणि लेक पाणी भरायला गेले असताना ते किनाऱ्यावर पतंगाच्या कडेच्या नळ्यांत हवा भरत होते. सासूबाई आतूनच ओरडल्या, "जावईबापू, वारा माहेरी निघालाय हो!"

"मग चांगलंच की!" जावई हसले. "माहेरी कोण रडत जातं?"

आणि ते पाण्यात उतरले. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा पतंग रुमालाएवढा दिसत होता. मच्छीमारांच्या बोटीने त्यांना परत आणलं. थंडीने काळेनिळे पडले होते. माझेच पडदे काढून त्यांना गुंडाळलं. उस्ताद डोक्याला हात लावून बसले. "घरात आलेल्या माणसाला घरचा शब्द सांगायला हवा होता," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर जावयांनी माझ्यात पाऊल ठेवलं नाही. सहली थांबल्या. उस्ताद होते तोवर सुट्टीच्या दिवशी इंजिन चालू करून माझ्याशी बोलत बसायचे. ते गेले आणि मी मुकी झाले.

यंदा जावयांनी भंगारवाल्याला बोलावलं. ते कळताच त्यांची मुलगी, उस्तादांची नात, तरातरा आली. तीही नुकतीच पतंग शिकू लागलेली. तिने माझं दार ओढलं आणि आजीला हाताला धरून आत बसवलं.

आजी खिडकीची काच पदराने पुसत म्हणाल्या, "मला एकदा ह्यातून समुद्र बघायचाय. मग खुशाल भंगारात घाला. गाडीला म्हणतेय, मला नव्हे."

नातीने टेबल उघडून नकाशा पसरला. कप ठेवले. जावई बाहेरच उभे होते, हाताची घडी घालून.

"तिसऱ्या दिवशी हा किनारा," नात फोनवर बघत म्हणाली. "वारा झकास आहे, जोरदार!"

जावयांना राहवलं नाही. "कुठून कुठे?"

"जमिनीवरून पाण्याकडे, बाबा. का?"

माझी पायरी करकरली. कित्येक वर्षांनी जावई आत आले होते.

"म्हणजे माहेरी निघालाय," ते म्हणाले. "त्या दिवशी कुणी पाण्यात उतरणार नाही. पत्ते खेळायचे."

मग आजींनी हळूच विचारलं, "पत्ते कुठे बसून खेळायचे, जावईबापू?"

त्यांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली. "कुठे म्हणजे? इथेच."

आणि आपल्या लेकीशेजारी बसून त्यांनी तिला सासर, माहेर, लाल पट्टी, सगळं पहिल्यापासून समजावलं. भंगारवाला आल्या पावली परत गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे कुणीतरी उभं असेल. अधूनमधून त्याची किल्ली फिरवा, काच पुसा. आणि घरात नवं माणूस आलं, की आधी त्याला आपले शब्द सांगा.

काल माझ्या चाकांत हवा भरली. मांजर रुसून शिवणाच्या टोपलीत जाऊन बसली आहे. दाराला नवी लाल पट्टी बांधली, ती मात्र जावयांनी स्वतः. दोनदा गाठ मारून.