तीन कुलपांची खोली

बाबा गेले आणि महिन्याभरात त्यांच्या खोलीला तीन कुलपं लागली. पहिलं दादानं लावलं. "तू लावणार तर मीही लावणार," म्हणून दुसरं ताईनं लावलं. तिसरं मी लावावं असं दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे आत गेल्यावर दोघांच्या मधे एक साक्षीदार राहील. ज्याची किल्ली त्याच्या खिशात. आत जायचं तर तिघांनी हजर राहायचं. असली युक्ती आमच्याच घरात सुचू शकते.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा वेळी कोर्ट घरातल्या एकाला व्यवस्थापक नेमतं. सगळ्या वस्तू ताब्यात घ्यायच्या, कागदपत्रं मार्गी लावायची आणि वाटण्या करायच्या, हे त्याचं काम. दादाचं म्हणणं, थोरला मी, तेव्हा हे माझंच. ताईचं म्हणणं, हक्काला पुढे आणि आजारपणात फोनवर, असल्या माणसाच्या हातात मी बाबांचा चमचासुद्धा देणार नाही. खरं सांगायचं तर आजारपणात तीही फोनवरच होती, फक्त तिचा फोन जास्त वेळ चालायचा. दोघांनी कोर्टात अर्ज केले, एकमेकांविरुद्ध. दोन्ही अर्ज मीच टाइप केले. कोर्टाच्या फाटकाबाहेर यंत्र घेऊन बसणारा भाऊ घरचाच असताना दुसऱ्याकडे कोण जाईल?

तुला व्यवस्थापक व्हायचंय का, असं मला कोणी विचारलं नाही. एक्कावन्न वर्षांचा झालो तरी मी शेंडेफळ. लग्न केलं नाही, बाबांजवळ राहिलो, त्यांची औषधं, त्यांची नखं, त्यांचा चिडचिडेपणा सगळं सांभाळलं, म्हणून मी घरातल्या सामानात जमा.

कोर्टानं सांगितलं, आधी तिघं मिळून खोलीतल्या वस्तूंची यादी करून आणा, मग बघू कोणाला नेमायचं ते. म्हणून दर रविवारी सकाळी दहा वाजता दोघं येऊ लागले.

ते येऊ लागले, हे मला पुन्हा एकदा म्हणू द्या. बाबा होते तेव्हा वर्षातून एकदा यायचे, तेही घड्याळाकडे बघत. आता ताई आधी पोचेल या भीतीनं दादा पावणेदहालाच दारात, आणि दादा आधी पोचेल म्हणून ताई साडेनऊला. बाबा चष्मे बनवायचे. खोलीत भिंतभर खणांचं कपाट, त्यात भिंगं, फ्रेमा, बिजागऱ्या, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू. दोघं समोरासमोर फरशीवर बसून मोजायचे आणि भांडायचे. मी आकडे लिहून घ्यायचो आणि सोमवारी टाइप करायचो. ताई स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवायची. विश्वास कोणावर ठेवणार?

"हे भिंग जाड नंबरचं आहे, वेगळं लिही," दादा म्हणायचा.

"तुला काय कळतंय त्यातलं? डोळ्याला लावून बघ आधी."

तो खरंच लावायचा. त्याचा डोळा बटाट्याएवढा दिसायचा आणि ताईला खुदकन हसू यायचं. मग आपण भांडायला आलोय हे आठवून ती गप्प व्हायची.

दुपारी तिघं एका टेबलावर जेवायचो. "मीठ दे म्हणावं त्याला," ताई मला सांगायची. दादा मीठ माझ्याकडे सरकवायचा, मी तिच्याकडे. घरात सहा दिवस माझ्या चपलांखेरीज कसलाच आवाज नसायचा. शनिवारी मी पाहुण्यांच्या चादरी बदलून ठेवायचो, मुक्कामाला कोणी राहणार नव्हतं तरी.

सहा रविवारांत यादी पूर्ण झाली. मी यंत्रात नवा कागद चढवला आणि एकशे चाळीस फ्रेमांच्या एकशे चार केल्या. कोर्टात ताईनं वही ताडून बघितली. दादानंच मला फितवलं असं तिचं ठाम मत झालं. भर कोर्टात तिनं त्याचा उद्धार केला आणि पुन्हा मोजायचा हुकूम झाला. मला आणखी सहा रविवार मिळाले. लाज वाटली, नाही असं नाही. पण रविवारी बेल वाजली की ती पळून जायची.

दुसऱ्या खेपेला मी बिजागऱ्यांत घोळ केला. तिसऱ्या खेपेला भिंगांत. पुढच्या रविवारी ताईनं किल्ली काढलीच नाही. कुलपांसमोर उभी राहून म्हणाली, "वकील तुझ्याकडे रांग लावतात, का तर तुझ्या कागदात एक अक्षर चुकत नाही. मग चुका आमच्याच यादीत कशा रे होतात?"

दादाला उजाडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे केलं यानं आणि शिव्या खाल्ल्या मी? दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ! घर हवंय ना तुला?"

"नाही."

"मग हवंय काय?"

"तुम्ही यायला हवे आहात," मी म्हणालो. "यादी संपली की तुम्ही यायचे थांबाल. म्हणून केलं."

मला वाटलं, आता ताई रडेल, दादा पाठीवर हात ठेवेल. तसं काही झालं नाही. दोघं अवघडले, आणि अवघडलेल्या माणसांना घरी जायची घाई होते.

"वेडा आहेस," ताई हळूच म्हणाली. मग कित्येक महिन्यांनी तिनं दादाकडे सरळ बघितलं. "यालाच होऊ दे व्यवस्थापक. बाबांचं सगळं यानंच तर केलंय."

"माझी काही हरकत नाही," दादा म्हणाला. "खरं तर त्याचाच हक्क आहे." हे तो मनापासून बोलला.

दोघांनी आपापल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि एकाच गाडीनं निघून गेले. मी खिडकीतून बघत होतो. गाडीत बसता बसता ते बोलायलाही लागले होते.

कोर्टानं मला नेमलं. भावंडांत इतकं एकमत हल्ली बघायला मिळत नाही, असं वकील म्हणाले. मी एकटा बसून यादी केली. एकही चूक केली नाही. वाटण्यांवर दोघांच्या सह्या तेवढ्या लागणार होत्या, म्हणून मी ताईला फोन केला.

"रविवारी या दोघं. दहाला. जेवायलाच थांबा."

"अरे, तेवढ्यासाठी कशाला यायचं?" ती मायेनं म्हणाली. "तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे आमचा. कुरियरनं पाठव. मी न वाचता सही करते, दादाही करेल."