जिन्याचं गाणं

काकांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि ‘जिना’ हे गाणं सतराव्यांदा पहिल्यापासून लावलं.

काकांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे एका बंद पडलेल्या लाँड्रीची मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, तरी हवा दमट असली की इस्त्रीच्या वाफेचा वास कुठून तरी यायचाच. बँडमधले चौघं चार दिशांना तोंडं करून ऐकत होते. गाणं संपलं. कुणी मान हलवली नाही.

“गिटार जरा पुढे येतेय,” शेवटी मास्तर म्हणाले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि बँडमध्ये गिटार वाजवायचे. “माझी गिटार कमी करून बघा.”

“कालच केली,” काका म्हणाले.

“मग या खोलीतच काहीतरी गडबड आहे. छत फार खाली आहे.”

“अंगण वाकडं,” कोपऱ्यातून मौनी म्हणाला.

मौनी लिफ्ट दुरुस्त करायचा, बेस गिटार वाजवायचा आणि अख्खा दिवस दहा-बारा शब्दांत भागवायचा. तो बोलला की लोक हसायचेच. आताही हसले. धाकटी तेवढी हसली नाही.

“गिटार नाही आणि छतही नाही,” ती म्हणाली. “माझा आवाज पुरत नाहीये या गाण्याला. पाच वेळा गायले, पाचही वेळा तेच. काढून टाकू या. नऊ गाण्यांचा अल्बम होत नाही का?”

ताई ड्रमच्या स्टुलावर बसून होती. धाकटीची थोरली बहीण म्हणून ती ताई. पण बारा वर्षांत तिला मास्तर, मौनी, एवढंच काय, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा ताईच म्हणायला लागले होते. धाकटीला असे हात टेकताना तिने याआधी पाहिलं नव्हतं. पहिला अल्बम त्यांनी धाकटीच्या झोपायच्या खोलीत खिडकीला रजया लावून केला होता, दुसरा मास्तरांच्या शाळेच्या सभागृहात, सुट्टीत. दोन्ही वेळी बाकीच्यांनी कच खाल्ली तेव्हा धाकटीच पदर खोचून उभी राहिली होती. आणि या तिसऱ्या अल्बमचं तर बीजच हे गाणं होतं.

ते आलं तेव्हा ताईच्या दवाखान्यात सगळे जमले होते. ताई फिजिओथेरपिस्ट. रविवारी पेशंट नसत; व्यायामाच्या खाटा भिंतीला लावल्या की तालमीपुरती जागा व्हायची. धाकटीने त्या दिवशी कागद काढला नाही, गिटार मागितली नाही. उभी राहून नुसती गायली. दोन लहान मुली तिसऱ्या मजल्यावर दाराला आतून कडी लावून बसल्या आहेत. आई कारखान्यातून परत यायची आहे. मी टकटक केल्याशिवाय कडी काढायची नाही, असं ती बजावून गेली आहे. खाली जिन्यात पावलं वाजतात आणि मुली कान देऊन ऐकतात: आज आई दमलीय का, रागावलीय का, की काही आणलंय म्हणून भरभर येतेय. बस, एवढंच. दारावर टकटक व्हायच्या आत गाणं संपतं.

गाणं संपल्यावर मास्तर उगाचच गिटारच्या तारा पुसत बसले होते. ताईला काही पुसायला नव्हतं. त्या दोन मुलींतली एक तीच होती.

त्या गाण्यासाठी तिने जे वाजवलं त्याला चार महिने लागले. आईचा उजवा गुडघा तेव्हापासून दुखरा. डावं पाऊल जड पडायचं, उजवं नुसतं टेकायचं. प्रत्येक वळणावर ती दोन श्वास थांबायची आणि शेवटच्या पाच पायऱ्या, का कोण जाणे, झपझप चढायची. पेशंट दारातून आत येईपर्यंत त्याच्या चालीवरून दुखणं ओळखणारी ताई. तिने ती चाल जशीच्या तशी हातात आणली. काठ्या नाहीत, तारेचे ब्रश. एक ठोका जड, एक हलका. वळणावर काहीच नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिने ते एका दमात वाजवलं आणि काचेपलीकडे काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“तीस वर्षं लोकांचं वाजवणं ऐकतोय,” ते म्हणाले होते. “हे पुन्हा वाजवू नकोस. हेच.”

त्या संध्याकाळी ताई बसने न जाता चालत घरी गेली होती. बेचाळिसाव्या वर्षी आपल्या हातून असं काही होईल हे तिला खरं वाटत नव्हतं. घरी नवऱ्याने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, “बरं झालं,” आणि बाथरूममध्ये जाऊन आरशापुढे एकटीच हसली.

आणि आता तेच गाणं कुठे बसत नव्हतं.

“काढायचं की ठेवायचं ते शनिवारी ठरवू,” काका म्हणाले. “आज कान थकलेत सगळ्यांचे.”

गुरुवारी सकाळी ताईचा पहिला पेशंट आला नाही. ब्रश स्टुडिओत राहिले होते, ते आणायला ती लाँड्रीच्या मागच्या दाराने आत शिरली. काका एकटेच मॉनिटरपुढे वाकून बसले होते. धाकटीच्या आवाजाखाली कसलीशी सळसळ येत होती, कपड्याची असावी. ती शोधायला त्यांनी बाकी सगळं बंद करून नुसता आवाज लावला होता. मागे अंदाजापुरती मास्तरांची गिटार अगदी बारीक ठेवली होती, तेवढीच.

ताई दारातच थांबली.

धाकटी गात होती, पावलं वाजतात. आणि पावलं वाजत नव्हती. पुढची ओळ आली, त्याच्या पुढची आली. ताईच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून ऐकतोय. खालून काही येतंय का म्हणून तिचे कान त्या गाण्यात शिरून जिन्यापर्यंत गेले होते. चाळीत कडी लावून बसलेल्या दिवसांत जसे जायचे, अगदी तसे. गाणं संपलं आणि टकटक झाली नाही.

काकांनी मागे वळून पाहिलं. त्यांनी पटकन बटणाकडे हात नेला, पण दाबलं नाही.

“पुन्हा लावा,” ताई म्हणाली.

त्यांनी लावलं. ती येऊन शेजारच्या स्टुलावर बसली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“मिक्सच्या तिसऱ्या दिवशी.”

“आणि सतरा वेळा मूग गिळून बसलात?”

“बसलो.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “चुकीचं वाजवलेलं असतं तर त्याच दिवशी बोललो असतो. चांगलं वाजवलेलं काढा म्हणून कसं सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. मी सांगितलं असतं तर तू काढलं असतंस ताई, पण मला नाही वाटत तू पुन्हा या स्टुलावर बसली असतीस.”

“आणि धाकटीने गाणंच काढलं असतं तर?”

“तर शनिवारी बोलणार होतो. दोन रात्री झोप नाही त्यापायी.”

ताई पडद्यावरच्या रेघा बघू लागली. तिच्या ड्रमचे आठ माइक, आठ रेघा. प्रत्येक ठोक्याचा लहानसा डोंगर, वळणावर सपाट माळ. दिसायलाही देखण्या होत्या. तिला राग आला नाही असं नाही. राग आला, आणि नेमका कुणावर काढायचा ते कळेना. मग तिने हात पुढे केला.

“कुठलं बटण?”

काकांनी दाखवलं. आठही रेघा तिने एकेक करून स्वतः बंद केल्या.

धाकटी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची. ताईच्या फोनवरून दुपारच्या सुट्टीत ती धावतपळत आली तेव्हा कानामागे पेन्सिल तशीच होती. ताईने तिला खुर्चीत बसवलं आणि काही न सांगता गाणं लावलं. पहिल्या कडव्यालाच धाकटीने मान वर केली.

“ड्रम कुठायत?”

“पूर्ण ऐक.”

तिने पूर्ण ऐकलं. मग उठून उभी राहिली.

“नाही. अजिबात नाही. काका, परत चालू करा ते.”

“धाकटे, ऐकलंस ना? तुझा आवाज पुरतोय की नाही?”

“पुरू दे नाहीतर न पुरू दे. ताई, ते तुझं सगळ्यात चांगलं वाजवणं आहे. मीच नाही तर मास्तरही म्हणतात, मौनीसुद्धा म्हणाला, म्हणजे बघ! आणि तू ते माझ्यासाठी पुसून टाकतेयस? लहानपणापासून हेच. सायकल आली, तू म्हणालीस मला नको, धाकटीला द्या. पुढे शिकायचं तर आधी धाकटी. मला नकोय हा मोठेपणा. मला नेहमी उष्टं सुख देतेस आणि वर मी आनंदाने खावं अशी अपेक्षा!”

काका हळूच उठले आणि चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले.

ताईचा चेहरा लाल झाला होता. ती सहसा चिडायची नाही. चिडली की आवाज खाली जायचा.

“सायकलचं मान्य,” ती म्हणाली. “सायकल मला हवी होती. आणि तुला दिली म्हणून मी दोन वर्षं तुला पाण्यात पाहत होते, तेही आज सांगून टाकते. पण हे तसं नाही. हे मी तुला दिलेलं नाही. मी ऐकलं, आणि ठरवलं.”

“काय ठरवलंस?”

“तू म्हणतेस पावलं वाजतात, आणि लगेच मी वाजवून दाखवते. तू सांगायचं, मी पुन्हा सांगायचं. मग ऐकणाऱ्याने काय करायचं? त्याला बसू दे ना कडी लावून. त्याला ऐकू दे खाली कोण येतंय ते.” ती थांबली. “बारा वर्षं या बँडचा ठेका मी धरलाय. कुठे वाजवायचं ते मला कळतं असं तुम्ही सगळे म्हणता. मग कुठे वाजवायचं नाही हेही मलाच कळलेलं असू शकतं. त्याला त्याग म्हणून माझी अक्कल कमी करू नकोस.”

धाकटीने कानामागची पेन्सिल काढली, हातात फिरवली, परत कानामागे ठेवली आणि खुर्चीत बसली.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

या वेळी तिने डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या ओळीला तिचा हात पुढे आला. ताईचं मनगट तिने घट्ट धरलं. गाणं संपल्यावरही सोडलं नाही.

“आईचा गुडघा,” ती म्हणाली. “मला ऐकू आला.”

“मलाही.”

शनिवारी मास्तरांनी नवं मिक्स दोनदा ऐकलं आणि आपली गिटारही अर्धी केली. मौनी म्हणाला, “पहिल्या कडव्यात मीही गप्प बसतो. सवय आहे मला.” त्याच्या मानाने ते भाषणच झालं.

अल्बम पूर्ण झाल्यावर पहिला कार्यक्रम एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ठेवला होता, संध्याकाळी पाच वाजता. दीडशे खुर्च्या होत्या. मागे लोक पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे राहिले. दुसऱ्या रांगेत आई बसली होती, शेजारी ताईचा नवरा. जिना आहे म्हणून आईला लिफ्टने आणायचं ठरलं होतं, पण ती चढूनच आली. म्हणाली, “एवढं काही झालेलं नाही मला.”

सहा गाणी झाली. चौथ्या गाण्याला तर ताईने असा काही हात टाकला की समोरची पोरं खुर्च्यांवरून उठली. मग धाकटी पाणी प्यायली आणि तिने मागे न बघता ‘जिना’ सुरू केलं.

मधे उठून आत जा, असं मास्तरांनी सुचवलं होतं. ताई गेली नाही. ब्रश बाजूला ठेवून ती ड्रमच्या मागे बसून राहिली. बारा वर्षांत धाकटीचं गाणं तिने कायम हातांनी काम करत ऐकलं होतं. पुढे कुठे वळायचं, कुठे जोर द्यायचा, याच हिशेबात. आज प्रथमच तिला दुसरं काही करायचं नव्हतं. दोन हातांवर धाकटीची पाठ होती. सूर वर जाताना तिचे खांदे किंचित उचलले जात. ही आपली बहीण, ताईला वाटलं, आणि हे आपलं गाणं. दोन्ही गोष्टींनी तिचा ऊर भरून आला, आणि त्यातली कुठली जास्त हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या रांगेत आईने मान कलती केली होती. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

शेवटची ओळ संपली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललंही नाही. दीडशे माणसं कान देऊन बसली होती.

पुढचं गाणं ताईच्या ठोक्यांवर सुरू व्हायचं होतं. मास्तरांनी गिटारवर बोटं ठेवली, मौनीने मान वळवली, सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने काठ्या उचलल्या, हवेत धरल्या, आणि मुळीच घाई केली नाही.