जहाजावर कोण कोण आहे?

रविवारी दुपारी जहाजावरची सगळी माणसं एकाएकी गप्प झाली.

आधी बाईंना त्याचं काही वाटलं नाही. कप्तानाने सकाळीच कळवलं होतं, 'आज आमच्याकडे दिवसभर वीज नाही, दुरुस्ती चालू आहे. फोननेही मान टाकलीय. संध्याकाळी भेटू.' कप्तान नाही तर नाही, बाकीचे होतेच की. बाईंनी आपला डॉक्टर डेकवर आणला, आचाऱ्याला 'हा रस्सा आहे का भांडी धुतलेलं पाणी?' म्हणून फैलावर घेतलं आणि उत्तराची वाट बघत बसल्या. एरवी आचारी लगेच उसळायचा. आज चकार शब्द नाही. त्यांनी खलाशांच्या मुकादमाला, तांडेलाला, हाक मारली. वायरलेसवाल्या मुलीला काही बातमी आली का विचारलं. दोन कपडे वाळत घालून आल्या, पुन्हा पाहिलं. डॉक्टर एकटाच रिकाम्या डेकवर शिव्या देत उभा होता.

संध्याकाळी वीज आली. 'आलो बरं का मंडळी,' म्हणत कप्तान हजर झाला. त्याच्या मागोमाग आचारी आला आणि रस्स्यावरून कडकडून भांडला. मग तांडेल आला, मग वायरलेसवाली, मग एकेक करत सगळेच. शाळेची घंटा झाल्यासारखे.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बाई एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढायच्या. इतकी वर्षं काढत होत्या की लोकांची हाडं लक्षात राहायची, चेहरे राहायचे नाहीत. दिवसभरात तोंडातून निघणारी वाक्यं ठरलेली. इकडे वळा, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. घरी थोरली नणंद होती, शाळेतून निवृत्त झालेली. बाईंचे यजमान गेल्यावर दोघी एकमेकींना उरल्या होत्या. वन्सं बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत, त्यामुळे घरातही बाईंवर बोलायची पाळी फारशी येत नसे.

कित्येक वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. एक मालवाहू जहाज, त्याला कुठलंच बंदर आत घेत नाही, एवढीच गोष्ट. लोक जीव टाकायचे तिच्यावर. मग ती मध्येच बंद पडली आणि जहाज समुद्रातच राहिलं. ज्यांना ते सहन झालं नाही अशा काहींनी इंटरनेटवर एक ग्रुप काढला. प्रत्येकाने जहाजावरचं एकेक माणूस वाटून घेतलं. एकाने आपल्या माणसाच्या तोंडून चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, असं करत गोष्ट पुढे न्यायची. खरी नावं, गावं कुणी विचारायची नाहीत. बाईंनी डॉक्टर घेतला, म्हातारा, एका डोळ्याने अधू आणि जिभेचा तिखट. ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला 'गाढवा' म्हटलं नव्हतं, त्या डॉक्टरच्या तोंडून असल्या अस्सल शिव्या घालायच्या की वन्सं चष्मा पुसून वाचायला यायच्या.

"वहिनी, हे कुठे शिकलीस गं?" त्या विचारायच्या.

"इस्पितळात," बाई म्हणायच्या.

ग्रुपचा सगळा कारभार कप्तानाकडे होता. गेल्या वर्षी तो अगदी मेटाकुटीला आला होता. माझ्या खलाशाला न विचारता आजारी का पाडलं, माझी पाळी का चुकवली, अमका आठवडाभर गायब होता मग त्याच्यासाठी गोष्ट का थांबवली, रोज एक नवं भांडण. कप्तान सगळ्यांची समजूत काढायचा, रुसलेल्यांना परत आणायचा, जो आला नाही त्याच्या वाटचं स्वतः लिहायचा. हळूहळू माणसं दमली. 'जमत नाहीये आता,' कुणी म्हणालं. 'थोडा थांबतो,' कुणी म्हणालं. कप्तानाने लिहिलं, 'ज्याला दमायला झालंय त्याने खुशाल थांबावं. जहाज कुठे पळून जात नाही.'

आणि खरंच, जो थांबला तो थोड्या दिवसांनी ताजातवाना होऊन परत आला. भांडणं मिटली. सगळे वेळेवर लिहू लागले, एकमेकांशी गोडीने वागू लागले. बाईंना कप्तानाचं कौतुक वाटलं होतं.

आता वाटेना. माणसं थकून जातात आणि परत येतात, हे ठीक. पण एवढी माणसं परत येतात आणि पुन्हा एकदाही कुणाचं कुणाशी बिनसत नाही?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी आचाऱ्याला खाजगी निरोप धाडला. तो आचारी खऱ्या आयुष्यात लग्नाच्या फंदात न पडलेला माणूस होता. त्याने ते बाईंना आपण होऊन सांगितलं होतं, वर 'सुटलो बुवा' असंही म्हणाला होता. बाईंनी लिहिलं, 'खेळाबाहेरचं विचारायचंय. मुलगी कशी आहे तुमची? परीक्षा झाली?'

उत्तर लगेच आलं. 'झाली की. पेपर चांगले गेले. तुमची फार आठवण काढते.'

तळघर तसं गारच असायचं. त्या दिवशी तो गारवा बाईंच्या अंगात शिरला. पुढचा पेशंट टेबलावर झोपून वाट बघत होता, त्याला त्यांनी दोनदा उजव्या कुशीवर वळवलं.

काम संपल्यावर त्यांनी फक्त कप्तानाला लिहिलं. 'तुमचा फोन नंबर द्या. बोलायचं आहे.'

'कशाबद्दल? लिहून सांगा ना.'

'लिहून नको.'

 उत्तराऐवजी ग्रुपवर तांडेल आला. 'डॉक्टर, आमचं काही चुकलं का?' पाठोपाठ आचारी. 'रस्सा उद्यापासून दाट करतो, डॉक्टर. रागावू नका.' सुकाणूवाला म्हणाला, 'डॉक्टर कुठे निघाले?' वायरलेसवालीने लिहिलं, 'जाऊ नका ना.' बाईंनी ग्रुपवर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. तरी सगळे भोवती कोंडाळं करून उभे होते, आणि सगळ्यांचा चेहरा एकच होता.

बाईंनी पुन्हा कप्तानालाच लिहिलं. 'मी कुठे जात नाही. नंबर द्या.'

बऱ्याच वेळाने नंबर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर बसून बाईंनी तो फिरवला. पलीकडे बायकी आवाज.

"कप्तान आहेत का?" बाईंनी विचारलं.

"बोलतेय." जरा थांबून आवाज म्हणाला, "तुम्ही... डॉक्टर? अगंबाई! मी तर तुम्हाला चांगले पिकल्या मिशांचे समजत होते!"

"तुम्ही तरी कुठे बुवा निघालात?"

दोघी हसल्या. बाईंचं हसू ओसरलं, पलीकडचं ओसरेना. ते लांबत गेलं, खाली उतरलं, खर्जात गेलं. तांडेल हसतो असं लिहिलेलं असायचं, अगदी तसं. बाई जिन्याचा कठडा धरून बसून राहिल्या.

"सगळे कधी गेले?" त्यांनी विचारलं.

"कोण सगळे? आहेत की."

"आचाऱ्याचं लग्नच झालेलं नाही हो. मुलगी कुठून येणार?"

 मग कप्तान दुखावल्यासारखी म्हणाली, "मला त्याने हे कधी सांगितलंच नाही."

मग ती बोलत सुटली. घरी शिकवण्या घ्यायची. मुलांची एक तुकडी गेली आणि दुसरी यायची असली की मधल्या वेळात लिहायची. पहिल्यांदा आचारी गेला. म्हटलं त्याच्या नावाचं खातं काढून दोन दिवस आपण लिहू, येईल परत. कुणाला पत्ता लागला नाही. मग तांडेल गेला. एक उठला की दुसऱ्याची चुळबुळ सुरू व्हायची, म्हणून जो गेला तो परत आला असं दाखवत राहिले.

"शेवटचं कोण गेलं?"

"वायरलेसवाली. उन्हाळ्यात."

जिन्यावर उन्हाचा कवडसा पडला होता तिकडे बाई सरकून बसल्या. थंडी सुरू होऊन महिना झाला होता. म्हणजे इतके दिवस त्या एवढ्या मोठ्या जहाजावर दोघीच होत्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच लिहिलं होतंत ना? हे जहाज थांबलं तर मी समुद्रात उडी घेईन म्हणून."

"ते डॉक्टरने लिहिलं होतं!"

"कुठलं डॉक्टरचं आणि कुठलं तुमचं, मला काय कळणार?"

 ते वाक्य लिहिताना बाईंनाही ते नीटसं कळलं नव्हतं.

"मला केव्हाचं थांबायचंय," शेवटी त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर लिहायला बसणं अगदी जिवावर येतं. मनगट ठणकतं. पण एवढी माणसं वाट बघतायत, आपण उठलो तर पंगत मोडेल, म्हणून येत होते."

"आणि मी तुमच्यासाठी," कप्तान म्हणाली.

"जेवलात का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हो, आचाऱ्याने आज..." कप्तान थांबली. "नाही. नाही जेवले."

"बंद करा हे."

"होत नाही हो. फोन लांब ठेवला की ते बोलायला लागतात. परवा एका मुलाचं गणित चुकलं, तर मी तांडेलाच्या आवाजात खेकसले त्याच्यावर. पोरं आधी हसली, मग घाबरली. त्यांना उतरवून टाकावं म्हणून लिहायला बसले, तर तेच मला विनवतात. माझा स्वतःचा आवाज कसा होता, तेही आठवावं लागतं."

"घरी कोण आहे?"

"भाऊ आणि वहिनी. वरच्या मजल्यावर."

"आज त्यांना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"काय सांगू? खेळून खेळून आजारी पडले?"

"अगदी हेच सांगा. आणि माणसं मी उतरवते. तुम्ही एक अक्षर लिहायचं नाही, नुसतं वाचायचं."

"आपल्याला कुठलंच बंदर घेत नाही, डॉक्टर."

"एक घेईल. मी बघते."

घरी आल्यावर बाईंनी वन्संना सगळं सांगितलं. वन्संनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सगळी सोंगं आणता येतात गं, पण इतकी एकदम कुणी आणू नयेत. चल, लिही. मी बसते शेजारी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुक्यातून एक बंदर दिसलं आणि त्याने जहाजाला आत घेतलं. पुढे रोज संध्याकाळी बाई कुणाला तरी खाली उतरवत राहिल्या. घाई केली नाही. तांडेलाला उतरवताना वन्सं म्हणाल्या, "असा उपाशी नको पाठवूस, चार घास घाल पोटात." वायरलेसवाली कानावरचं यंत्र काढून खुंटीला लावून गेली. सुकाणूवाल्याचा पाय निघेना, त्याला डॉक्टरने ढकलून काढला. आचाऱ्याला न्यायला धक्क्यावर त्याची मुलगी आली होती. परीक्षा होऊन मोकळी झालेली.

रोज लिहून झालं की बाई कप्तानाला फोन करायच्या. भावाने तिला खऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं, शिकवण्या बंद ठेवल्या होत्या. गोळ्यांनी झोप लागत होती. पहिल्या दिवशी बोलताना तिचा आवाज तीन-चार ठिकाणी बदलला, नंतर नंतर कमी. "आचारी गेला तेव्हा रडले," एकदा ती म्हणाली. "पण मीच रडले. कळलं मला ते."

शेवटी जहाजावर दोघंच राहिली. डॉक्टरने आपली पेटी उचलली, समुद्राला एक जंगी शिवी दिली आणि तो फळीवरून खाली गेला.

"कप्तान सगळ्यांच्या शेवटी उतरतो," बाई फोनवर म्हणाल्या. "तुमचं तुम्ही लिहा. दोन ओळी पुरे."

"उद्या लिहिते," कप्तान म्हणाली. आवाज स्वच्छ होता, थकलेला, एकाच बाईचा.

उद्या काही आलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. फोन वाजायचा, कुणी उचलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. फोन बरणीला टेकवून ठेवला होता, त्यावर तो ग्रुप उघडा. बाईंचं लक्ष सहज तिकडे गेलं. पानाच्या तळाशी फिकट अक्षरं उमटली होती: 'आचारी लिहीत आहे...'

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. अक्षरं गेली. मग आली: 'तांडेल लिहीत आहे...' मग पुन्हा आचारी. लिहिलेलं मात्र काहीच येत नव्हतं.

त्यांनी नंबर फिरवला. या खेपेला फोन उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही.

"मी आहे," बाई म्हणाल्या. "बोलायचं नसेल तर राहू दे. मी ठेवत नाही फोन."

"कोण गं?" वन्संनी विचारलं.

"मैत्रीण आहे."

"मग बोलत का नाही?"

"दमलीय."

वन्संनी उठून टीव्ही बंद केला. फोनचा आवाज मोठा करून बाईंनी तो टेबलावर मधोमध ठेवला. पलीकडून कुठल्याशा खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. वन्सं तिसरी खुर्ची ओढून टेबलाजवळ घेऊन आल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि शेंगांचं सूप मधे सरकवून दोघी पुन्हा सोलायला लागल्या.