अनीपाचं रडणं

डोंगरातल्या नारीन गावच्या नाट्यगृहात राजधानीहून एल्दियार नावाचा दिग्दर्शक आला. येताना त्याने प्रोजेक्टर आणला, आणि अक्कल सगळी आपल्याच वाट्याला आल्याची समजूतही. लढाईत पडलेल्या मुलाच्या आईचं काम अनीपा तिथे वर्षानुवर्षं करत होती. आताशा तिच्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं. एल्दियारने त्या मुलाच्या नटाला घरी पाठवलं आणि त्याच्या जागी पडद्यावर हलतं चित्र आणलं. मुलगा चित्राचा, तंबू चित्राचा, आभाळात उडणारा घोडाही चित्राचा. घोड्याचे पाय पाहून अनीपाची खात्री पटली, की काढणाऱ्याने घोडा फक्त ताटात, मटण म्हणूनच पाहिला असणार.

घोडा उडायच्या आत विलाप आटपायचा, असं एल्दियारने बजावलं. "मुलगा मेलाय माझा, बस सुटत नाहीये," ती म्हणाली. तो हसला. लोक आता बघायला येतात, ऐकायला नाही, हे त्याने तिला शिकवलं. दौऱ्यावर कोणाला न्यायचं हे पहिल्या प्रयोगानंतर ठरणार होतं, म्हणून तिने जीभ आवरली.

प्रयोगात घोडा उडाला आणि झाडून सगळ्या माना वर झाल्या. अनीपा जीव तोडून रडत होती आणि तिच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. तिचं डोकं सणकलं. मयताच्या तंबूत बायका आल्यागेल्याकडे पाठ करून रडतात, तशी ती रंगमंचाच्या मधोमध सरकून पडद्याकडे तोंड करून बसली. मागे खाली ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या झोतात तिची भली मोठी सावली उठली आणि घोडा तिच्यात गडप झाला. मग ती मनसोक्त रडली. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या बायांनी एकेक करून तिच्या सुरात सूर मिसळला.

आता हा आपली हजेरी घेणार, असं तिला वाटलं होतं. पण एल्दियारने तिला मिठीच मारली, आणि सावलीची कल्पना कशी कित्येक महिने आपल्या डोक्यात घोळत होती, ते वार्ताहराला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेऱ्यासमोर तिला तसंच रडायला लावलं. बाई हुरळली आणि आदल्या रात्रीपेक्षा चांगली रडली.

"छान झालं, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "आता या वयात तुम्हाला घाट ओलांडायची दगदग नको."

गावातल्या शेवटच्या प्रयोगाला ती मुद्दाम प्रेक्षकांत जाऊन बसली. या पोरगेल्या दिग्दर्शकाचं हसं होताना तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. पडद्यावर तिची चित्रित केलेली सावली डोलू लागली, तिचा आवाज घुमला, आणि त्या बावळट बाया पुन्हा तशाच रडल्या. शेजारच्या म्हातारीने अनीपाला ओळखलं नाही, पण आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

"रडून घे गं," ती म्हणाली. "तिचं ऐकून दगडालाही पाझर फुटेल."

अनीपाने गाल पुसले. "तिला दौऱ्यावर नेताहेत," ती म्हणाली.