आर्डिसच्या प्रगतिपुस्तकावर

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर दोनच शब्द कोरले आहेत, 'मनमोकळा स्वभाव'. मित्रांनो, ओळख नसली तरी जो आपणहून बोलायला जातो, चार माणसांत ज्याची कळी खुलते, त्याच्यासाठी मी. एवढाच माझा अर्थ. पण लोक त्यात बरंच काही जोडतात, आणि तेच मला सांगायचं आहे.

मिनियापोलिसच्या कारखान्यातून आम्ही बारा भावंडं एका डब्यात बसून मिस हौगेन बाईंच्या खेड्यातल्या शाळेत आलो. 'कष्टाळू' होता, 'लाजाळू' होता, 'अक्षर सुधारावे' होता. सगळ्यांत भाव मला. माझा ठसा पाहिला की आईबापांची छाती फुगायची, आणि मीही, खोटं कशाला बोलू, फुशारून जायचो.

आर्डिस टोलेफसनच्या प्रगतिपुस्तकावर मी ओळीने चार वर्षं उमटलो. पोरगी होतीच तशी. दूधवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांची खबरबात तिच्याकडे.

पाचवीच्या वर्षी, सप्टेंबरात तिची आई गेली. चर्चमधल्या बायकांनी महिनाभर घरी हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं एकाच भांड्यातलं जेवण, पोचवली. आर्डिस शाळेत यायची, कुणी पाहिलं की हसायची, आणि पाहणारा वळला की खिडकीबाहेर बघत बसायची. टेबलावरून मला ते दिसत होतं. मला हात असते तर पुढे ठसे मारायच्या दिवशी मी डब्याचं झाकण आतून धरून ठेवलं असतं.

नोव्हेंबरात बाईंना एका दुपारी एकतीस प्रगतिपुस्तकं उरकायची होती. त्यांनी मागच्या वर्षीचा ठसा बघितला, मला उचललं आणि दाबलं. मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पालकसभेला तिचे वडील गनार आले. एके काळी तेही बाईंचेच विद्यार्थी.

"बाई, डुलुथ शहरातली माझी बहीण थोराताई एका पोराला ठेवून घेते म्हणतेय. दोघं तिला झेपायची नाहीत, आणि मला गोठा सांभाळून दोघं जमत नाहीत. धाकटा ऑर्विन बुजरा, तो तिथे कोमेजेल. आर्डिसला पाठवू ना? तुम्हीच छापलंय बघा."

"तिची नको काळजी करूस, गनार," बाई म्हणाल्या. "ती दगडालाही बोलतं करेल."

झालं. लाजाळू घरी राहिला आणि मनमोकळी निघाली.

जायच्या आदल्या दिवशी आर्डिस पेन्सिलींचा डबा न्यायला आली. दारापाशी थांबून तिने विचारलं, "बाई, मी लाजाळू असते तर मला घरी राहू दिलं असतं का?"

बाईंनी जवळ जाऊन तिच्या कोटाची बटणं लावली. त्या रडल्या, पण ती गेल्यावर. संध्याकाळी त्या टोलेफसनांच्या शेतावर गेल्या, चूक माझी, असं सांगून आल्या. गनार म्हणाले, "ताईने तिकडे शाळेत नाव घातलंय, बाई. आता शब्द फिरवू कसा?"

फेब्रुवारीत गनार शाळेत आले. पोरांच्या बाकावर कसेबसे बसले आणि त्यांनी डुलुथहून आलेलं प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं. तिथल्या मास्तरांनी हाताने लिहिलं होतं, 'अतिशय शांत मुलगी. कुणाशी बोलत नाही. काही त्रास नाही.'

"बाई," गनार हळूच म्हणाले, "त्यांनी चुकून दुसऱ्याच कुणाचं पाठवलंय, हो ना?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. गनार त्याच आठवड्यात तिला घेऊन आले. आर्डिस आता घरी आहे, ऑर्विनला भरवते, भांडी घासते. विचारलं तर उत्तर देते.

मी डब्यातच पडून असतो. बाई आता प्रत्येक पोराला जवळ बोलावून, त्याच्याशी बोलून, मग हाताने लिहितात. त्याला चार दिवस लागतात. मित्रांनो, हसऱ्या, बोलक्या माणसालाही कधी विचारा, तू बरा आहेस ना? आम्हाला कुणी ते विचारायला शिकवलंच नव्हतं.